बाबांच्या फोटोतलं धुकं

प्रिय दादा,

फोनवर हे बोलता आलं नसतं. तू फोन उचलतोस तेव्हा बाबा शेजारीच असतात.

माझं काम तुला ठाऊक आहे. संगणकाला हजारो फोटो दाखवायचे, प्रत्येकाला एक शब्द जोडायचा: स्वच्छ, ढगाळ, पाऊस, धुकं. बघून बघून तो शिकतो आणि पुढे नव्या फोटोतलं हवामान स्वतःच ओळखतो. बाबा वर्षभर रोज सकाळी आपल्या फेरीबोटीच्या सुकाणूपाशी उभे राहून पलीकडच्या काठाचा फोटो पाठवतात, सोबत एक शब्द. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाचा शब्द. मी तो कधी तपासलाच नाही.

दोन महिन्यांपूर्वी संगणकाचं आणि बाबांचं बिनसलं. बाबा म्हणत धुकं, तो म्हणे स्वच्छ. आधी वाटलं, यंत्रच चुकतंय. मग नव्या सहकाऱ्यावर संशय आला, की हाच माझ्या नोंदी बदलतोय. सगळ्यांसमोर त्याला नको नको ते बोलले. त्याने आवाज न चढवता एक फोटो उघडला आणि म्हणाला, "तुम्हीच बघा." पलीकडच्या घरांच्या खिडक्या मोजता येत होत्या. बाबांनी लिहिलं होतं, धुकं. असे एकवीस फोटो निघाले. त्याची माफी मागितली आणि ते एकवीस फोटो पुन्हा पुन्हा बघत बसले.

आता गेले तीन आठवडे सगळे शब्द बरोबर येताहेत. मला हायसं वाटायला हवं होतं. पण बाबा 'स्वच्छ' नीट लिहितात, आणि हल्ली येतं 'स्वछ'. या एका शब्दापायी शाळेत तू किती बोलणी खाल्लीस!

म्हणजे तुला कळलंय, दादा. कधीपासून? वहिनीलाही माहीत आहे का? मी विचारलं की सगळे 'बाबा मजेत' म्हणता, त्यातलं खरं किती, हेच मला आता कळेनासं झालंय. बोट हातातून सुटली तर ते खचतील, हे मलाही दिसतं. पण त्या बोटीत रोज साठ माणसं बसतात. तुझी लेक त्यातूनच शाळेत जाते.

पत्र चुकून बाबांच्या हाती पडलं तर, असं मनात आलं. मग उमगलं, त्यांना ते वाचता येणार नाही. तिथेच मला रडू फुटलं. शुक्रवारी मी येतेय, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. परवाना तुझ्याकडेही आहे, तोवर सुकाणू तू धर. नाही धरलंस, तर बंदर कचेरीत मी कळवीन. बाबा जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल.

तुझीच,
धाकटी