वीणा खाली ठेवता येत नाही

२ फेब्रु., सोम.
देवळाखालच्या खोलीला कुलूप. अभ्यासिका बंद. दिवाळीपासून पोरं तिथे बसत होती, कुणाला काडीचा त्रास नव्हता. अध्यक्ष गजूशेठ (ग.शे.) म्हणाले, "सप्ताह हाय. मंडपवाल्याचा सामान ठेवायचा हाय." यांच्या बिल्डिंगचं पार्किंग रिकामं पडलंय ते दिसत नाही. जास्त विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. "कुनाची कुनाची पोरां येतान. भजनाला येक तरी येतं का?"
मी देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. मला विचारायची पद्धत नाही. डोकं सणकलंय.

३ फेब्रु.
वैष्णवी जिन्यात भेटली. आमच्या सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्याची मुलगी. पोलीस भरतीचं मैदान मारलंय, लेखी रविवारी. घर म्हणजे एक खोली, त्यात इस्त्रीचं टेबल, टीव्ही, भावाचं तान्हं बाळ.
"काका, माझी पुस्तकं, नोट्स सगळं आतच राहिलंय."
चावी ग.शे.च्या खिशात. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. नाही. यांचा हसरा फोटो मात्र ऐरोलीभर बॅनरवर.
घरी सुनंदा म्हणते, बीपीची गोळी घ्या आणि गप्प बसा. गोळी घेतली.

४ फेब्रु., बुध.
सप्ताह सुरू. आता समाप्तीपर्यंत वीणा जमिनीला टेकायची नाही. पाळीपाळीने कुणीतरी ती गळ्यात घालून उभं राहायचं. सकाळ-संध्याकाळ पहाऱ्याला गर्दी, फोटो. दुपारी काळं कुत्रं फिरकत नाही, सगळे ऑफिसात.
कीर्तनाआधी ग.शे. माइकवर: आजची तरुण पिढी देवळाकडे पाठ फिरवते, समाजाने विचार करावा.
अरे, देवळातच बसत होती ती! तुम्हीच हाकललीत. कीर्तनकार महाराज समोर होते म्हणून गिळलं. जेवण गेलं नाही.

५ फेब्रु.
दुपारचा पहारा माझा. पुढचा माणूस बेलापूरला मीटिंगमध्ये अडकला. वीणा गळ्यात, गुडघे बोंबलतायत, जागचं हलता येत नाही. तेवढ्यात वैष्णवी आली, चावी मिळाली का विचारायला.
"धरतेस का?"
"मला चालेल? माळ नाही गळ्यात."
"चपला काढून ये."
पद्धतीप्रमाणे वीणा दिली. मी तिच्या पाया पडलो, ती माझ्या. ती एवढीशी झाली. मी मुळीच नाही. ताठ उभी राहिली, रामकृष्णहरी म्हणायला लागली.
तडक ग.शे.च्या घरी, चावी मागायला. शेठ झोपलेत म्हणे. दार उघडणाऱ्या नोकराचा काय दोष, पण त्याच्यावर ओरडलो. परत आलो तर ती तशीच उभी. अभ्यासाची एक अख्खी दुपार गेली पोरीची, आणि आमचा पहारा सांभाळला गेला. संताप येतो नुसता.

६ फेब्रु., शुक्र.
आजही दुपारी माणूस नाही. वैष्णवी आपणहून आली. बरोबर अभ्यासिकेतली बाकीची पोरंही, टाळ घेऊन बसली. बेसूर, पण बसली.
ग.शे. पाहुण्यांना मांडव दाखवायला आले.
"हिला कोनी दिली वीणा?"
"मी."
"काढून घ्या."
"तुम्हीच घ्या, शेठ. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं. तुम्हीच शिकवलंत मला."
पाहुणे बघतायत. महाराज खुर्चीत बसून बघतायत. ग.शे. लाल. इस्त्रीवाल्याच्या पोरीच्या पाया पडायचं, तेही चारचौघांत.
वैष्णवी म्हणाली, "शेठ, देते मी वीणा. आधी खोली उघडा. रविवारी पेपर आहे माझा."
ग.शे.नी खिशात हात घातला. मला वाटलं चावी. मोबाइल निघाला. तो कानाला लावून बाहेर.
पुढचा पहारेकरी वेळेवर आला आज, नेमका. तिने त्याला हात जोडले. वीणा दिली नाही.
मांडवातल्या खुर्चीवर बसून हे लिहितोय. हरिपाठाला माणसं जमायला लागलीत, कुजबुज चाललीय. पोरीला मी यात ओढलं. उद्या ग.शे.नी तिच्या बापाचं टेबल उचलायला लावलं तर गाठ माझ्याशी आहे, हे सांगून ठेवलंय सगळ्यांना.
दुपारपासून ती उभीच. पाणी दिलं. "बस झालं, दे," म्हटलं. मान हलवून नाही म्हणाली.
बाहेर ग.शे.ची गाडी येऊन थांबलीय. अजून कुणी उतरलेलं नाही.