एकटीला दिसलेला चंद्र

२७ शाबान, सकाळ
नवा चंद्र दिसला की शाबान संपून रमजान लागेल. यंदा घरात एकच रमजान. ठरलं. गेल्या वर्षी सुनेने परदेशातली चंद्र दिसल्याची घोषणा ऐकून रोजे सुरू केले, मुलाने मोबाइलमधल्या गणितावरून आणि मी चंद्र बघून. एका टेबलावर तीन तारखा. तिन्ही मतांमागे मोठे आलिम, धर्माचे जाणकार आहेत, मान्य. पण दुसऱ्याच्या डोळ्यांनी मी चंद्र बघत नाही.

२८ शाबान, दुपार
उजव्या डोळ्याच्या कडेला मधूनच वीज चमकते, म्हणून चष्मेवाल्याकडे गेले. तो उगाच घाबरला. म्हणाला, बाई, आजच्या आज मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, आधी चंद्र.

२९ शाबान, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजानंतर
दिसला! बारीक, लखलखीत कोर. बाकी सगळी गच्ची आंधळी. मुलगा म्हणाला, अम्मी, चंद्र आज सूर्याच्या आधीच मावळलाय. गणित!
तडक मशिदीत इमामसाहेबांकडे. माझेच विद्यार्थी, भूगोलात कच्चे. म्हणाले, बाई, आभाळ ढगाळ असतं तर तुमची एकटीची साक्ष चालली असती. स्वच्छ आभाळात तुम्हालाच कसा दिसला? मी सुनावलं, जुन्या शास्त्रकार इमामांपैकी काहींच्या मते एकाची साक्ष केव्हाही चालते. ते म्हणाले, मग तुमच्यापुरता उद्या रोजा धरा.
धरणारच.

१ रमजान (बाकीच्यांची ३० शाबान), संध्याकाळ
सून म्हणते, परदेशातही काल कुणाला दिसला नाही. म्हणजे तिकडेही उजेडच.
आज मात्र सगळ्यांना दिसला. मी बोट दाखवून म्हटलं, बघा, हाच तो कालचा!  मग मुलगा हळूच म्हणाला, अम्मी, तिकडे पाण्याची टाकी आहे.

२ रमजान, सकाळ
न्हाणीघरात दिवा लावण्याआधी चंद्र. डोळे मिटले, तरी चंद्र. उपासाचा थकवा. शिवाय उजवीकडून काळा पडदा सरकतोय. खिडकीचा असणार.
सून म्हणाली, अम्मी, त्या खिडकीला पडदाच नाही.

२९ रमजान (सगळ्यांची), संध्याकाळ
पालथी पडून लिहिते आहे. तो पडदा डोळ्यातलाच निघाला, जागचा सुटलेला; दुसरं ऑपरेशनही झालं. मान वर करायची नाही, डॉक्टरांचा हुकूम. उजवा डोळा गेला. म्हणाले, चष्मेवाल्याने सांगितलं त्याच दिवशी यायला हवं होतं. 
बाहेर ढग आहेत म्हणे. आत्ताच मुलगा गच्चीवरून ओरडला, अम्मी, दिसला!
ईदच्या चंद्राला साक्षीदार दोन लागतात. मी एकावरच भागवलं.