काउंटरवरची माझी जागा

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९६०

प्रथम या वहीची क्षमा मागते. एवढ्या मोठ्या घडामोडींविषयी लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? तीन वर्षे कॉलेजात पहिला क्रमांक आणि लॅटिनचे पदक, याखेरीज माझ्या नावावर काही नाही. वर्गात हात वर करण्याचे प्रसंगही मी शक्यतो टाळत आले आहे. तथापि पुढील पिढ्यांसाठी कोणीतरी शांत डोक्याने नोंद ठेवणे आवश्यक आहे, आणि या वसतिगृहात शांत डोके एकच आहे.

विषय असा. हार्गेट यांच्या दुकानात आम्हां काळ्यांना कंगवा मिळतो, वह्या मिळतात, पावतीसुद्धा अदबीने मिळते. मात्र त्याच दुकानातल्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसून कॉफी पिणे फक्त गोऱ्यांसाठी. आम्ही ती कागदी पेल्यात घ्यायची आणि फुटपाथवर प्यायची. आता मुले-मुली तिथे जाऊन बसणार आहेत.

संकल्प : पहिल्या तुकडीत, पहिल्या स्टुलावर मी.

सोमवार, १५ फेब्रुवारी

चर्चच्या तळघरात प्रशिक्षण. आमचा पुढारी क्लीओफस ग्रेडी. गणितात काठावर पास. पण आवाज मोठा. खुर्च्या काउंटरसारख्या मांडायच्या, निम्म्यांनी त्यांवर बसायचे आणि उरलेल्यांनी गोरे गुंड होऊन त्यांचा छळ करायचा. माझ्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडला, वेणी ओढली, मानेवर पाणी ओतले, आणि ज्या शिव्या दिल्या त्या वहीत लिहिण्याजोग्या नाहीत. माझी मैत्रीण आणि खोलीतली सोबतीण विल्मेट रडली. दोन मुले चिडून उठली. मला काहीच वाटले नाही.

यालाच अहिंसेची सिद्धी म्हणत असावेत.

क्लीओफस मात्र माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आर्डेलिया, तू शांत नाहीस गं. तू इथे नाहीसच." हेवा माणसाला काय काय बोलायला लावतो.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज मी गुंड. विल्मेटला स्टुलावरून खाली ओढायचे होते. मी तिच्या खांद्याला हात लावून म्हटले, "माफ करा हं, जरा उठता का?" सगळे तळघर हसले. विल्मेट हसता हसता खुर्चीवरून आपोआप खाली पडली, म्हणजे उद्दिष्ट साध्य झालेच.

चळवळीच्या कमिटीला मी मागण्यांचा सुधारित मसुदा दिला, आरंभी लॅटिन सुभाषितासह. बसण्याच्या नियमांतला चौथा हा दुसऱ्याचीच पुनरुक्ती आहे, हेही नम्रपणे दाखवून दिले. क्लीओफसने आभार मानले. त्या कागदाच्या मागच्या बाजूला सँडविचेसचा हिशेब लिहिलेला नंतर दिसला. कागदटंचाई असावी.

शनिवार, २० फेब्रुवारी

पहिला दिवस. मला सर्दी. काउंटरवर शिंक आली असती आणि समोरच्याने ती चिथावणी मानली असती तर? चळवळीच्या हितासाठी मागे राहिले.

तरी माझ्यावर गंभीर जबाबदारी होती. जाण्यापूर्वी सर्वांनी खिशांतल्या अणकुचीदार वस्तू काढून ठेवल्या : नेलकटर, चाकू, केसांच्या पिना, कंपास. पोलिसांनी त्यांना हत्यारे म्हणू नये यासाठी. तो सगळा ढीग दिवसभर मी एकटीने सांभाळला. एका अर्थी संपूर्ण शस्त्रागार माझ्या ताब्यात होते.

विल्मेट परतली ती केसांत केचप घेऊन. मी पाणी ओतले, तिने डोके धुतले. म्हणाली, "तू असतीस तर बरं झालं असतं गं. शेजारच्या स्टुलावर कोणी ओळखीचं नव्हतं." मी तिला शिंकून दाखवले.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

मी का जात नाही, याचा तर्कशुद्ध विचार केला. माझे बाबा आमच्या गावी काळ्या मुलांच्या शाळेचे हेडमास्तर. शाळेचे बोर्ड गोऱ्यांचे. मुलीला अटक झाल्याचे कळले, तर बाबांची नोकरी जाईल. तेव्हा माझे न जाणे हा भ्याडपणा नसून कन्याधर्म आहे. हे सुचल्यावर फार हलके वाटले. सर्दीही गेली.

शनिवार, २७ फेब्रुवारी. रात्री

क्लीओफसने मला निरीक्षक नेमले. निरीक्षकाने बसायचे नसते. दुकानाच्या दारापाशी गिऱ्हाइकासारखे वावरायचे. पोलीस पहिल्या तुकडीला घेऊन गेले, की कोपऱ्यावरच्या फोन-बूथमधून चर्चला कळवायचे. तिथे दुसरी तुकडी कोट घालून तयार असते. ती लगेच येते आणि रिकामी स्टुले भरते. स्टुले रिकामी राहता कामा नयेत, सगळी लढाई त्यातच आहे. फोनसाठी त्याने मला दहा सेंटचे नाणे दिले. "एवढं एकच काम, सिस्टर," म्हणाला. सेनापती असाच मागे उभा राहतो.

सारे योजनेबरहुकूम झाले. कोणी विल्मेटच्या पाठीवर सिगारेट विझवली. ती हलली नाही. पोलिसांनी उलट तिलाच उचलले, आणखी दहा जणांसह. दारातून जाताना तिने माझ्याकडे पाहिले. मी बूथकडे चालू लागले. मला काहीच वाटत नव्हते. पाय आपोआप चालत होते.

बूथचे दार उघडले, तेवढ्यात मागून एक गोऱ्या बाई आल्या. हातात टोपीचा डबा. त्या काही बोलल्यासुद्धा नाहीत. मीच बाजूला झाले आणि म्हणाले, "या ना, मॅडम." त्यांनी बहिणीशी टोपीबद्दल बोलणे केले. मग एक गृहस्थ आले. मी दार धरून उभी राहिले. त्यानंतर एक मुलगी, माझ्याहून लहान. तिलाही मी "मॅडम" म्हटले.

बूथ रिकामा झाला तेव्हा हार्गेटच्या काउंटरवर पुन्हा गोरी गिऱ्हाइके पाय हलवत आइस्क्रीम खात होती. फोन करण्यात अर्थ उरला नव्हता. नाणे माझ्या हातमोज्यातच राहिले.

सौजन्य हीदेखील अहिंसाच, असे मला वाटते.

सोमवार, २९ फेब्रुवारी

सगळे विचारतात. मी सांगितले की फोन बिघडला होता. दुसरी तुकडी कोट घालून संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती म्हणे. तुरुंगातल्यांना वाटले की बाकीचे घाबरले. क्लीओफस एवढेच म्हणाला, "मशीनचं काय, बिघडायचंच." नाणे परत मागायला तो विसरला.

विल्मेटने जामीन नाकारला आहे. सगळ्यांनीच नाकारला. आज त्यांना रस्ता झाडायला लावले होते. मी ग्रंथालयात जाताना पलीकडचा रस्ता धरला. तो जवळचा आहे. म्हणजे फार लांब नाही.

रविवार, ६ मार्च

वसतिगृहाच्या रेक्टर मिसेस पिकेट जिन्यातून ओरडल्या, "आर्डेलिया स्टोक्स! घरचा फोन! आणि लवकर आटप, मेल्या त्या फोनला दुसरी पण कामं असतात!" बाबा 'यात पडू नकोस' म्हणणार, हे मला ठाऊक होते. 'आपली आज्ञा शिरसावंद्य' हे उत्तरही जिना उतरताना तयार केले.

बाबा म्हणाले, "पोरी, पेपरात अटक झालेल्यांची नावं आलीत. विल्मेटचं आहे. तुझं कसं दिसत नाही?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

मागून आईचा आवाज आला, "अहो, छापणाऱ्यांनी चुकवलं असेल! आपली नावं धड कधी छापलीत मेल्यांनी? 'आर्नेलिया स्टार्क्स' म्हणून एक आहे बघा, तीच!"

बाबांनी विचारले, "तीच का गं?"

मी म्हटले, "हो."

मग बाबा म्हणाले, आज चर्चमध्ये उठून सगळ्यांना सांगतो. ते घाबरले नव्हते. मला वाटले होते, ते घाबरतील.

आर्नेलिया स्टार्क्स गृहविज्ञान शाखेत आहे. तिच्या पायाला प्लास्टर आहे आणि तरी ती गेली होती.

संकल्प : येत्या शनिवारी अटक करून घेणे. म्हणजे मी बोलले ते फक्त आगाऊ बोलले, असे होईल.

शनिवार, १२ मार्च

पाऊस.

शनिवार, १९ मार्च

सहामाही परीक्षा तोंडावर. गतवर्षीचा क्रमांक टिकवणे हीदेखील वंशाची सेवाच.

बुधवार, ६ एप्रिल

विल्मेट कधीच सुटून आली आहे. पाठीवर नाण्याएवढा डाग. तो ती आरशात पाहत नाही. मीही पाहत नाही.

आज आईचा फोन. बोर्डाने बाबांना बोलावले होते. चेअरमन म्हणाले, "मास्तर, त्या गडबडीत तुमची मुलगी नव्हती ना? पेपरात तर तिचं नाव नाही. नव्हती एवढं म्हणा, की विषय मिटला." बाबा म्हणाले, "साहेब, पेपरवाल्यांनी नाव चुकवलं. होती ती. आणि तिचं नाव आर्डेलिया स्टोक्स."

बाबांची नोकरी गेली.

आई म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तीस वर्षांत ते त्या ऑफिसात खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले म्हणे. न विचारता." आणि हसली.

मला काहीच वाटत नाही. हे नोंदवते, कारण आता काहीतरी वाटायला हवे असे वाटते.

शनिवार, १६ एप्रिल

गेले. एकटी. दुकानदारांशी वाटाघाटी चालू असल्याने कमिटीने महिनाभर सर्व थांबवले आहे. पण बाबांची गोष्ट थांबण्याजोगी नाही. रविवारचा चर्चचा पोशाख, हातमोजे, लॅटिनचे व्याकरण. पहिले स्टूल. ते फिरते असते, हे मला माहीत नव्हते. बसताच माझे तोंड दाराकडे झाले. प्रयत्नपूर्वक परत वळले.

वेट्रेसने माझ्यासमोर 'बंद' अशी पाटी ठेवली आणि नखे रंगवायला बसली. कोणी धूर सोडला नाही. कोणी शिवी दिली नाही. क्रियापदांची दोन प्रकरणे वाचून झाली. शेवटी एक पोलीस आला. मी हात पुढे केले.

तो म्हणाला, "घरी जा, पोरी. बोलणी होईपर्यंत कोणाला उचलायचं नाही, असा महापौरांचा हुकूम आहे."

मी विनंती केली. 'कृपया' म्हणाले. तो वेट्रेसला म्हणाला, "ही तर चक्क अर्ज करतेय गं!"

मग काउंटरवरचे दिवे घालवले. अंधारात दुकानाचा झाडूवाला आला, आमच्याच चर्चमधला. हळूच म्हणाला, "बाळ, पाय वर घे. झाडायचंय."

मी पाय वर घेतले.

शनिवार, १४ मे

समझोता झाला. काउंटर सर्वांना खुला. गवगवा नको म्हणून कमिटीने दोघादोघांच्या जोड्या पाठवल्या. माझ्या जोडीला विल्मेट. क्लीओफसने का ठरवले, ठाऊक नाही.

वेट्रेस तीच. विल्मेटने 'चेरी पाय' हा गोड पदार्थ मागवला. मी कॉफी. पहिला घास घेऊन विल्मेट म्हणाली, "अगं बाई! याच्यासाठी मी पाठ भाजून घेतली? आपल्या मेसमधला बरा." तरी तिने सगळा खाल्ला, बोटाने चुरा टिपून.

मग माझ्याकडे न पाहता विचारले, "फोन खरंच बिघडला होता का गं?"

मी म्हटले, "नाही."

"वाटलंच होतं." तिने रुमालाने तोंड पुसले. "कॉफी पी, गार होतेय."

प्यायले. कडू होती. दहा सेंट झाले. हातमोज्यातले नाणे काढून काउंटरवर ठेवले. वेट्रेसने ते उचलून गल्ल्यात टाकले आणि म्हणाली, "पुन्हा या, मॅडम." विल्मेट म्हणाली, "रडतेस काय? चल."

दुकानाबाहेर फोन-बूथ रिकामा होता. मी त्याच्यावरून पुढे तार ऑफिसात गेले. तार केली.

'बाबा, पेपरात नाव चुकलेले नाही. ती मी नव्हते. आर्डेलिया.'

पाठवली : शनिवार, १४ मे १९६०, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.