फिल्टरच्या अलीकडचा काटा

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

बाबाचे पुष्कळ आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे तक्रार करण्यापुरते दुखतात, बाकी ती ठणठणीत आहे. जावईबापूंनाही आशीर्वाद सांग.

तुझं पत्र मिळालं. फोन आला की मी तो आईच्या हातात का देतो, असं तू विचारलं आहेस. लग्न पटलं नसेल तर तोंडावर सांगा, पण गप्प बसून शिक्षा करू नका, असंही लिहिलं आहेस. उत्तर देणार आहे. पण आधी गाडीचं सांगतो. विचारलं काय आणि बाबा सांगतात काय, असं म्हणशील. जरा सोस.

गाडीला डिझेलच्या प्रेशरचं मीटर बसवलं. हसू नको. गाडीचं दुखणं कानाला कळतं, मीटर लागतं ते नवशिक्यांना, असं जन्मभर गावभर सांगत फिरणारा मीच होतो. पण गाडी आता म्हातारी झाली. टाकीतलं डिझेल छोटा पंप ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मग ते मोठ्या पंपाला मिळतं, हे तुला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. फिल्टर तुंबला की मोठा पंप उपाशी राहतो. गाडी चढावर दम सोडते. तशीच रेटली तर पंप कायमचा जातो. समोर काटा असला की वेळेत थांबता येतं, एवढाच हेतू.

निवडताना मात्र डोकं पिकलं. दुकानदाराने आधी एक भलंमोठं मीटर पुढे केलं. त्याची पट्टी इतकी लांब, की आपल्या गाडीचं प्रेशर त्यात कोपऱ्यातच पडून राहिलं असतं. काटा पडला काय अन् उभा राहिला काय, कळणार कसं? दुसऱ्याची नळी थेट केबिनमध्ये येत होती. म्हणजे डिझेल माझ्या मांडीपर्यंत आणायचं, आणि उद्या नळी चिरली तर अंघोळ! शेवटी वायरवालं घेतलं. सेन्सर खाली इंजिनाशी, वर केबिनमध्ये नुसती वायर. गाडी धडधाकट असेल तेव्हा काटा बरोबर मधोमध उभा राहतो. लांबूनही दिसतो.

बसवायला आपले मिस्त्री. तुला खेळायला बेअरिंगच्या गोळ्या द्यायचे, तेच. त्यांनी मीटर हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उस्ताद, तुम्ही आणि मीटर? तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, जमाना बदलला. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मग आमचं वाजलं. फिल्टरच्या पलीकडचा, मोठ्या पंपाकडचा बोल्ट गंजून बसला होता आणि त्याचे तांब्याचे वायसर मिस्त्रींकडे संपले होते. ते म्हणाले, दोन दिवस थांबा. मी म्हटलं, अलीकडच्या बाजूला जोडा, मला घाई आहे. "अलीकडे जोडलं तर काटा खोटं बोलेल, उस्ताद. फिल्टर तुंबला तरी अलीकडे प्रेशर असतंच, उलट वाढतं. उपाशी कोण राहतंय ते पलीकडेच कळतं." हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण घाईने अक्कल गहाण पडते. मी हट्ट धरला आणि त्यांनी शिव्या पुटपुटत जोडून दिलं.

दुसऱ्याच दिवशी तुझ्या मावशीचं कपाट पोचवायला निघालो. आई शेजारी बसली होती. चढ लागला. मी काट्यावर नजर ठेवून होतो आणि काटा कसा, शाळेतल्या मॉनिटरसारखा ताठ! मी खुशीत गाडी रेटत होतो. तेवढ्यात आईने माझा दंड धरला आणि ओरडली, "अहो, केव्हाची धापा टाकतेय गाडी! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही."

एवढं बोलून गाडी कडेला घेतली.

भिंगरे, तेच तुझ्या पत्राचं उत्तर आहे. मला ऐकू येत नाही. जन्मभर खिडकी उघडी ठेवून गाडी चालवली. तो खिडकीकडचा कान जवळजवळ गेलाच आहे. दुसरा बरा आहे, शेजारी बसून कोणी सावकाश बोललं तर सगळं कळतं. पण फोनमध्ये तुझा बारीक आवाज नुसता किणकिण येतो, शब्द लागत नाहीत. लग्नानंतर तुझा पहिला फोन आला. तू खूप बोललीस, मध्ये हसलीससुद्धा. मला एक अक्षर कळलं नाही. पुन्हा पुन्हा 'काय? काय?' करायची लाज वाटली. म्हणून फोन आईला दिला. मग तीच सवय लागली. तुम्हाला कळलं तर गाडी विकायला लावाल, अशीही भीती होती. मीटर त्यासाठीच घेतलं. कानाचं काम डोळ्यावर ढकलायचं आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असा माझा बेत.

आई आधी रडली. मग चिडली. "पोर तिकडे स्वतःला दोष देतेय आणि तुम्ही इकडे काटे बघत बसलात!" म्हणाली. तुलाही माझी खुशाली आजवर तिच्याकडूनच गाळून मिळाली. तिला तरी काय ठाऊक होतं?

आता चांगली बातमी. मिस्त्रींनी गंजलेला बोल्ट काढला, नवे वायसर घातले आणि सेन्सर पलीकडे, मोठ्या पंपाच्या तोंडाशी बसवला. जुना फिल्टर मुद्दाम ठेवून इंजिन रेटलं, तर काटा मान टाकून खाली. नवा फिल्टर घातला, तर मधोमध. मग ते स्वतः गाडी त्याच चढावर घेऊन गेले. मी शेजारच्या सीटवर. त्यामुळे ते माझ्या बहिऱ्या बाजूला आले आणि वाटभर मला काय काय म्हणाले ते ऐकू आलंच नाही. परत आल्यावर गाडीला टेकून म्हणाले, "गाडीचं झालं. आता तुमचं बघा."

आईने त्याच आठवड्यात मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बाहेरचा आवाज येत नाही अशा कपाटाएवढ्या पेटीत बसवून तपासलं. कानाच्या यंत्राने बराच फरक पडेल म्हणाल्या. माप घेतलं आहे, पुढच्या महिन्यात मिळेल. ते लावून पुन्हा तपासणी, आणि मग गाडी चालवायची की नाही ते त्या सांगतील. तोवर चावी आईच्या डब्यात. मी मागितली नाही. त्यांनी नाही म्हटलं तर ड्रायव्हर ठेवीन आणि शेजारी बसून त्याला छळीन. गाडी काही विकत नाही.

आणि लग्नाचं. मला पटलं आहे. पहिल्या दिवसापासून पटलं आहे. मुलगा तुझ्याकडे बघतो ते फोटोतसुद्धा दिसतं. फक्त तो फार उंच आहे, केबिनमध्ये डोकं आपटेल, तेवढं त्याला सांगून ठेव.

यंत्र येईपर्यंत फोन करू नकोस. पत्र लिही, किंवा दोघं याच. त्या फोनवर काय सांगत होतीस आणि कशाला हसलीस, ते मला पहिल्यापासून ऐकायचं आहे. लहानपणी बसायचीस त्याच सीटवर बस. माझा चांगला कान त्याच बाजूला आहे.

तुझ्या बोलण्याची वाट पाहणारा,
बाबा