मावशी बसल्यात ना

३ जून

चि. भिंगरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू मला तुझ्या दवाखान्यात बोलावलंस आणि माझे गुडघे दुखायचे थांबले, हे तुझ्या आईला मुळीच सांगू नकोस. ती म्हणेल, आधीचं सगळं सोंग होतं. खरं सांगायचं तर प्रसूतिगृहातून निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्नच होता. आता रविवारीच कपड्यांना इस्त्री करून ठेवते. सोमवारी तू गाडीने येतेस, मी तुझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसते आणि बायका येतात.

निम्म्याजणी माझ्याच हातावर जन्मलेल्या गं! परवाची ती शिंप्याची सून बघ, तिच्या वेळी तिच्या आईने माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठले. सगळं जुनं डोळ्यांपुढे आलं. काचेच्या पिचकाऱ्या पातेल्यात उकळत असायच्या आणि तू शाळा सुटली की येऊन बाळांच्या वजनकाट्यात बसायचीस. तो काटा बिघडला तो तुझ्यामुळेच. मी बिचारीने शिपायावर ढकललं.

तुझं काम मात्र सोपं झालंय. मूल लांबवायचं हे नवं इंजेक्शन, एकदा टोचलं की सहा महिने बघायला नको. त्याच्या चाचणीला बायका हव्यात. तू घसा फोडून समजावतेस आणि त्या तुझं बोलणं संपायच्या आत अंगठा पुढे करतात. एकही नाही म्हणाली नाही. तुझे मोठे डॉक्टर मला म्हणाले, मावशी म्हणजे आमचं सोनं. या वयात असं कुणी म्हटलं की बरं वाटतं.

डबा वेळेवर खात जा. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी मावशी

•

१० जून

ती. मावशीस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

काल हे तुला तोंडानेच सांगायचं ठरवून आले होते. तू चहा पुढे ठेवलास आणि मी तो पिऊन तशीच परत आले. म्हणून लिहिते आहे. मावशी, तू आता टेबलापाशी बसू नकोस.

लिहून टाकलं एकदाचं. आता कारण ऐक. काल तू कंपाउंडरशी गप्पा मारायला आत गेलीस, तेव्हा मी बायकांना म्हटलं, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. शिंप्याची सून म्हणाली की मावशी बसल्यात ना, मग चांगलंच असणार. दुसरीला वाटत होतं, इंजेक्शन ताकदीचं आहे. हे औषध अजून तपासलं जातंय, पाळीचा घोळ होऊ शकतो, आणि एकदा टोचलं की त्रास झाला तरी परत काढून घेता येत नाही, यातलं एकीलाही सांगता आलं नाही. नाही म्हणता येतं, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं.

तू काही चुकीचं बोलली नाहीस. तू बोललीसच नाहीस. तुझं नुसतं बसणं पुरतं. लहानपणी मला टोचताना तू म्हणायचीस, डोळे मीट, झालंच. मी मिटायचे. आजही मिटीन, आणि त्याचीच मला भीती वाटते.

सगळ्यांना नव्याने विचारल्याशिवाय कुणालाही टोचणार नाही, असं मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलंय. सुरळीत चाललेल्या कामाला कशाला हात लावता, म्हणून ते धुसफुसतायत. तूही रागावशील. रागाव, पण पत्र पाठव. लोभ कमी झाला तरी चालेल, बंद नको.

तुझी भिंगरी

•

२३ जून

चि. डॉक्टरीणबाईंस,
आशीर्वाद.

राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. जिला मी नाक पुसायला शिकवलं, तिने मला ऊठ म्हणावं! दोन दिवस तुझ्या आईला फोनवर तुझी गाऱ्हाणी सांगितली. मग वाटलं, बायकांना नाही म्हणता येतं एवढंच ना? मीच सांगते की!

घरोघर गेले. शिंप्याच्या सुनेने मान डोलावून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग नाही म्हणू का मावशी, तुम्ही म्हणाल तसं. बेकरीवाल्याच्या बहिणीकडे तेच. तिसऱ्या घरी तेच झालं, तेव्हा पायरीवर बसून हसत सुटले, आणि हसता हसता रडू आलं. बायकांनी माझं ऐकावं म्हणून जन्मभर राबले. आता ऐकतायत, तर ते थांबवू कसं?

उद्या घराला कुलूप लावून तुझ्या आईकडे जाते. तुझं विचारून होईपर्यंत तिथेच राहीन. मी कुठे गेले, हे शेजारणीलाही सांगितलेलं नाही. तू तुझं काम नीट कर. तुझ्या आईच्या घोरण्याचं मी बघते.

तुझी (अजून थोडी रुसलेली) मावशी

•

१५ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

एकेकीला वेगळं बसवून विचारलं, घरी जाऊन विचार करून या म्हटलं. निम्म्याहून जास्त जणी नाही म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला. मावशींना परत बोलवा म्हणाले. मी नाही म्हटलं. ज्या हो म्हणाल्या त्यांनी प्रश्न विचारून मला घाम फोडला. कितीदा तरी सांगावं लागलं की हे आम्हालाही ठाऊक नाही, तेच शोधतोय. इतका थकवा कधी आला नव्हता, आणि इतका आनंदही झाला नव्हता.

शिंप्याची सून ठामपणे नाही म्हणाली. दिवसभर मशीनवर बसायचं असतं, पाळीचा घोळ परवडणार नाही म्हणाली. दारापर्यंत गेली आणि परत आली. डोळे भरले होते. मावशींना वाईट वाटेल का, असं विचारत होती. तुलाच विचारून सांगते म्हटलं. काय सांगू?

उत्तराची वाट बघणारी,
भिंगरी

•

१९ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तिला सांग, वाईट वाटलं. खोटं कशाला बोलायचं? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नाही म्हणालं. तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. मग तो गरम करून प्यायले, जेवले, आणि तुझी आई घोरत असूनही झोपले. हेही तिला सांग.

आता घरी जाते. जरा धास्ती वाटते गं. दार उघडून बसले आणि कुणी काही विचारायला आलंच नाही तर? पण त्याचीही सवय करायला हवी. एखादी नुसती गप्पा मारायला आली, तरी मला पुष्कळ आहे.

तुझी मावशी