एनॉकच्या मिशा आणि आमचा बोलपट

क्लॅगडेन,
रविवार, दुपारच्या चहानंतर

ती. सौ. टॅबीताईस,

धाकट्या सेलिनाचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे मी एरवी फक्त चर्चमध्ये आणि दाराची पायरी घासताना टेकते, यावरून तुझा मान किती ते ओळख.) दाजींचा खोकला ब्लॅकपूलच्या हवेनं गेला का? नसेल तर हंसाची चरबी छातीला चोळ, आणि चोळताना त्यांना बोलू देऊ नकोस. तुझं लॉजिंग-बोर्डिंग जोरात असेलच. गिरणीची ऑगस्टची सुट्टी तोंडावर आली, म्हणजे अर्धं क्लॅगडेन तुझ्याच जिन्यावरून वर-खाली करणार.

तुझं पत्र पोचलं. अकरा वर्षं तुझ्या पत्राचा शेवट एकच असतो, "एनॉकनं विचारलं का?" अगं, तो एनॉक ड्यूक्सबरी आमच्या साचेखात्यातला जॉबर. कापड विणणारे नव्वद साचे नीट चालते ठेवतो, पण स्वतःचं तोंड चालवणं जमत नाही. दर रविवारी माझ्याबरोबर कालव्याकाठी फिरतो, माझी छत्री धरतो, हवेबद्दल बोलतो आणि मला दारात सोडून आईकडे जेवायला जातो. मी एकेचाळिशीची झाले, ताई. माणसाला लग्नाचं विचारायला किती हवा लागते? रात्री उशीत तोंड खुपसून रडलेसुद्धा आहे, तुला म्हणून सांगते. तर यंदा तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे, पण मधे एक बोलपट आडवा आलाय.

झालं असं, की यंदाच्या वसंतात लंडनचे बोलपटवाले आमच्या गिरणीत उतरले. नायिका कोण, तर लॉटी फेअरब्रास! म्युझिक हॉलात लाकडी बूट वाजवत गाणारी तीच लॉटी, जिला बघायला आपली आई "आजारी मावशीकडे जाते" असं बाबांना सांगून सटकायची. (मावशी बारा वर्षं आजारी होती. बाबांनी तिच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली.) गोष्ट अशी, की गिरणीतली पोर रंगमंचावर नाव काढते. त्यात एकदा ती साच्यांच्या रांगेतून मेलेल्या आईचं गाणं म्हणत चालते, आणि आम्ही साचेवाल्या मागे कामात. दिग्दर्शक गळ्यात रेशमी रुमाल बांधलेला, जोरात शिंकलं तर पडेल असा. गाणं ऐकू येईना म्हणून त्यानं साचे बंद करायला लावले आणि आम्हाला म्हणाला, "बायांनो, गप्पा मारल्यासारखी नुसती तोंडं हलवा. काय वाट्टेल ते बोला. आवाज काढू नका म्हणजे झालं. कोणाला काही कळणार नाही."

कोणाला काही कळणार नाही! हसलीस ना? बारा वर्षं चार-चार साचे सांभाळलेस तू. त्या बापड्याला काय ठाऊक, की साचेखात्याच्या धडधडाटात कान फक्त टोपी अडवायला असतात, आणि आपण बायका जन्मभर ओठांनीच बोलतो, ओठांनीच भांडतो. पण खरं सांगते, त्याच्याइतक्याच आम्हीही मूर्ख. कॅमेऱ्याला कान नाहीत एवढंच डोक्यात धरलं. त्याला डोळा असतो हे कोणाला सुचेल तर शपथ!

बरं, गाणं एकदा नाही, सतरा वेळा घेतलं. ऐन रडायच्या जागी लॉटीला हसू फुटायचं. (नंतर कळलं, ती लहानपणी साचेखात्यातच होती. बया आमचं सगळं वाचत होती.) सतरा वेळा काय बोलणार? हवा संपली, मुकादमाचे खोटे दात संपले, मग समोरच्या साच्यावरची ऑलिव्ह म्हणाली, "तुझ्या एनॉकनं विचारलं का गं?" झालं, माझा बांध फुटला. म्हटलं, "तो कसला विचारतोय! मुका घेतो तोसुद्धा चहा गरम आहे का बघितल्यासारखा. सुट्टीच्या आत विचारलं नाही तर त्या मिशा उपटून पायपुसणं विणीन आणि पाव विकणाऱ्या विधुराशी लग्न लावीन. त्याच्या आईला म्हणावं, ठेव तुझा बाळ मुरांब्यासारखा बरणीत!" नेमकं सतरावंच पसंत पडलं.

मागच्याच्या मागच्या शनिवारी दुपारी आपल्या थिएटरात पहिला खेळ. बँड, महापौर, सगळा थाट. वर बाल्कनीत मोठी माणसं, खुद्द लॉटी आणि तो रेशमी रुमाल, खाली आख्खी गिरणी. पडद्यावर लॉटी गायला लागली, बाल्कनीत हातरुमाल निघाले, आणि खाली चारशे माणसं खदाखदा हसायला लागली. पडद्यावर माझं थोबाड घराएवढं! दिग्दर्शक कठड्यावरून वाकून बघतोय, ह्या लोकांना आई मेल्याचं एवढं हसू का येतंय. एवढ्यानं भागतं तर बरं. दोन रांगा पुढे एनॉक, आणि शेजारी त्याची आई. चाळीस वर्षं साच्यावर काढल्यानं ठार बहिरी, पण ओठ वाचण्यात गावात पहिली, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे मनातलंसुद्धा ओरडून बोलते. ती वाचायला लागली, मोठ्यांदा, "आमचा एनॉक मुका घेतो म्हणे, चहा... कसा बघितल्यासारखा? अरे एनॉक, पाववाला विधुर कोण रे? आणि मुरांबा कसला?" आता बाल्कनीलाही सगळं कळलं.

धरणी दुभंगली असती तर मी आधी तिकीट काढलं असतं. एनॉक उठून उभा राहिला आणि मागे वळला. प्रकाशाच्या झोतात त्याचं डोकं आल्यामुळे पडद्यावरच्या लॉटीच्या छातीवर त्याची मिशाळ सावली पडली. आयुष्यात पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलला. "सेलिना, मी दोनदा विचारलंय!"

ऐक आता, ताई, आणि कपाळावर हात मार. सहा वर्षांपूर्वी बाराव्या साच्यापाशी तो ओठांनी म्हणाला होता, "माझी होशील का?" त्या वळचणीसारख्या मिशांखालून मला दिसलं, "तेल ओतशील का?" मी म्हटलं, "कालच ओतलंय." बिचारा तीन वर्षं गप्प. मग पुन्हा धीर करून म्हणाला, "लग्न करूया." मी वाचलं, "लवकर उरकूया." म्हटलं, "घाई कसली, जेवणानंतर बघू." जेवणानंतर तो टोपी हातात घेऊन दारात उभा, आणि मी त्याला म्हटलं, वाटेतून बाजूला हो! रविवारी आवाज काढून विचारायची लाज वाटायची म्हणतो. सगळ्या थिएटरासमोर हुंदका देऊन रडले मी. लॉटी मात्र वर बाल्कनीतून तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारत होती.

सोमवारी साचे धडधडत असताना समोर एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला. वरचा ओठ दुधासारखा पांढरा. मिशा काढून आला होता गं! त्यानं ओठांनी सावकाश विचारलं. तीनशे बायकांनी वाचलं आणि साच्यांतले धावते धोटे जागच्या जागी थांबले.

कागद संपला. दाजींना नमस्कार.

तुझी,
सेलिना

ता. क. मी काय म्हटलं? "तेल ओतते." सगळं खातं टाळ्या पिटायला लागलं. सुट्टीच्या पहिल्या शनिवारी लग्न. अकरा वर्षं तू विचारत राहिलीस म्हणून मी आशा सोडली नाही, ताई. समुद्राकडची खोली आमच्यासाठी ठेव.

ता. क. २. तोच बोलपट त्याच आठवड्यात तुमच्या धक्क्यावरच्या थिएटरात लागतोय. तुझ्या पाहुण्यांना तिकडे फिरकू देऊ नकोस. कारण ऑलिव्हनं पुढे विचारलं होतं, "सुट्टीत ताईकडे उतरू का?" आणि मी म्हटलं होतं, "उतर, पण एका कोंबडीचं सूप ती सोमवार ते शुक्रवार पुरवते. शुक्रवारी कोंबडी नुसती ताटावरून फिरवते." चेष्टेत गं! पण तुझे सगळे पाहुणे साचेखात्यातले.

ता. क. ३. आत्ताच एनॉक सांगून गेला, सासूबाईही आमच्याबरोबर येताहेत. बोलपट त्यांना पुन्हा बघायचाय, आणि जेवताना सगळ्यांना सांगायचाय. तेव्हा ताई, भांडण मागाहून करू. आधी दुसरी कोंबडी आण.