पिवळ्या छत्रीमागे

२ मार्च

घराचं कुलूप लावलं का? लावलं असेल. पण ओढून बघितलं का — आठवत नाही! जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त केली आणि स्वतःच्या दाराची खात्री देता येत नाही. हिला विचारलं. "लावलंत. दोनदा ओढलंत. शेजाऱ्यांचंही ओढून पाहिलंत." सगळी बस हसली. पुढच्या सीटवरचे टोपीवाले गृहस्थ तर मांडीवर थाप मारून हसले. हसा.

अख्खा खंड पार करायचा आहे म्हणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. राजवाडे, बुरूज, कबरी, पूल. हिच्याकडे या सगळ्यांची कात्रणं आहेत, लग्नाच्याही आधीची. डॉक्टर म्हणाले, "राहिलंय ते करून घ्या." ही तिथल्या तिथे म्हणाली, "फिरायचं राहिलंय." जसं काही दूध आणायचं राहिलंय! मुलाने लगेच तिकिटं काढली. पोटात गाठ घेऊन कोणी फिरतं का? मला कोणी विचारलं नाही.

३ मार्च

पहिलं ठिकाण, बुरूज. गाईड म्हणून एक तरणी मुलगी आहे. हातात उघडी पिवळी छत्री धरून पुढे चालते. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री! तिच्या मागे मागे जायचं.

बस थांबली. मी हिची काठी काढली. ही उठेना. म्हणाली, "माझे गुडघे आज नको म्हणतायत. तुम्ही जा आणि मला येऊन सांगा."

"मी? एकटा?"

"एकटे कसे? एवढी माणसं आहेत."

माणसं आहेत, पण ही नाही ना. ही नसताना मी कुठे गेलोय कधी? दुकान ते घर, घर ते दुकान. बाकी सगळीकडे ही पुढे, मी मागे. पाट्या हीच वाचते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, मला वाचायला वेळ लागतो, तोवर लोक मागून ढकलतात.

गेलो. दारापाशी उभा राहिलो. बाकीचे वर गेले, वळणावळणाचा अंधारा जिना. मला घाम फुटला. ते खाली आले तसा त्यांच्यात मिसळून परतलो.

"कसा होता?" हिने विचारलं.

"मोठा होता."

"मोठा म्हणजे?"

"उंच. — दाराची कडी मात्र छान होती. घडीव. एका माणसाच्या हातची."

ही माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांची हौस, आणि वाट्याला काय आलं? कडी! गुडघे आत्ताच दुखायचे होते का हिचे! पायाने धड असती तर असला मुखदुर्बळ माणूस लागला नसता तिला.

५ मार्च

आज मेलोच होतो.

राजवाडा. ही पुन्हा बसमध्ये. मी छत्रीवर नजर ठेवून चाललो. दालनामागून दालन — आरसे, पलंग, तसबिरी — मी काही बघितलं नाही, छत्री बघत होतो. एका ठिकाणी छत्री थांबली. पोरगी वळली. आमची नव्हतीच! कुणा भलत्याच लोकांची गाईड, भलत्याच भाषेत बोलत होती. छत्री तीच, पिवळी. कधीपासून मी त्यांच्या मागे होतो देव जाणे.

आलो त्या वाटेने मागे वळलो तर दालनं वेगळीच. पाट्या होत्या, अक्षरं ओळखीची नाहीत. दोघांना विचारलं. एकाने खांदे उडवले. दुसऱ्याने माझा फोटो काढला! मी एका पलंगाच्या कठड्याला धरून उभा राहिलो, पहारेकरी ओरडला. रडू आलं. या वयात, राजाच्या पलंगाजवळ.

मग एक झाडूवाली दिसली. तिला हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं, तोंडाने बसचा आवाज काढला. ती खो खो हसली, आणि तिने झाडूने खिडकीबाहेर दाखवलं. खाली कारंजी, कारंज्यांच्या पलीकडे बसची रांग. कारंज्यांकडे तोंड ठेवून निघालो तो थेट बसपाशी.

ही जागेवर बसलेली. चेहरा पांढरा, श्वास लागलेला, हात बर्फासारखे गार. मला वाटलं, झालं! संपलं! तर म्हणते काय, "आलात ना? स्वतःच आलात ना?"

"तुला काही वाटतं का गं? मी तिकडे मरत होतो!"

"वाटतं ना. म्हणून तर विचारतेय."

आणि डोळे पुसले. माझ्या काळजीने हिला धाप लागली. म्हणजे बरोबर असून त्रास, नसूनही त्रास. माझा उपयोग काय?

६ मार्च

गोळ्या घेतल्या. जेवली नाही. मग मीही नाही.

८ मार्च

राण्यांच्या कबरी. भुरभुर पाऊस. आज शहाणपणा केला. टोपीवाल्यांनी जे जे सांगितलं ते पाठ केलं आणि हिला म्हणून दाखवलं — संगमरवर, नक्षी, सोन्याचं छत.

"सोन्याचं? नुसता पिवळा रंग असेल. तोही पोपडे धरलेला."

"तुला काय माहीत?"

"अंदाज." मग म्हणाली, "मला ऐकीव नको. तुम्ही पाहिलेलं सांगा."

मी काय पाहिलं होतं? सांगू की नको झालं. पण सांगितलं. सगळ्यांत धाकट्या राणीच्या खोलीला बुटकं दार आहे, आणि त्याला कडी आतून! बाहेर काही नाही. मी वाकून बघितलं. मेलेल्या बाईला आतून कडी कशाला?

ही हसायला लागली. किती दिवसांनी! "सासू बाजूच्या खोलीत असेल," म्हणाली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पोट धरलं. मी घाबरून छत्रीवालीला हाका मारल्या. घोटभर पाणी प्यायली, मग बरी. पुन्हा हसवायचं नाही हिला.

तेवढ्यात खाली लक्ष गेलं — हिच्या चपला ओल्या! ड्रायव्हरला धारेवर धरलं. आजारी माणूस बसलंय आणि तुम्ही दार उघडं टाकता? पाऊस आत येतो! तो हिच्याकडे बघतो, मान खाली घालतो, गालात हसतो. "चुकलं काका." हसण्यासारखं काय आहे यात?

११ मार्च

सीमेवर बस खूप वेळ थांबली. पासपोर्ट, शिक्के. हिने माझा पासपोर्ट माझ्याच हातात दिला. "आता हा तुम्ही सांभाळायचा." मी तो शर्टात ठेवला, मग पँटीत, मग पुन्हा शर्टात.

हॉटेलच्या खोलीत मला समोर बसवलं. गॅस कोणाला फोन करून मागवायचा. विजेचं बिल कुठे भरायचं. "सूनबाईवर सगळं टाकू नका. तिला तिचा संसार आहे." मी म्हटलं, हे घरी गेल्यावर बघू. "घरी गेल्यावर मला वेळ नसेल," म्हणाली. सरळ आवाजात! मी उठून व्हरांड्यात गेलो. तिथे एक मोठं झाड कुंडीत कोंबलेलं होतं. त्याच्याशेजारी उभा राहिलो.

मी काय करू? मला चहासुद्धा हिच्या हातचा लागतो, तो गरम आहे की गार तेही हीच सांगते. ही गेल्यावर घरात मी कोणाच्या मागे चालायचं?

१२ मार्च

आज ठरवूनच टाकलं. दगडी पूल होता, फार जुना, मधोमध दुकानं असलेला. हिच्या कात्रणांत त्याचं चित्र दोनदा आहे. मी उतरलो नाही.

"जा ना," ही म्हणाली.

"नाही. तुझ्याजवळ बसतो. दिवस थोडे आहेत. पूल काय बघायचे?"

मला वाटलं होतं, बरं वाटेल हिला. तर संतापली! लग्न झाल्यापासून एवढी संतापलेली पाहिली नाही. "मग आलो कशाला आपण? घरीच बसायचं होतं माझ्या उशाशी!" तोंड खिडकीकडे फिरवलं. खिडकीतून पुलाचं एक टोक दिसत होतं, बाकी एका मालट्रकने झाकलेलं. ती त्या टोकाकडे बघत रडली. खांद्यावर हात ठेवला, तो झटकला.

मी तिच्याजवळ बसलो आणि ती रडली. माझ्यासारख्या माणसाजवळ बसून दुसरं काय करणार!

दिवसभर बोलली नाही. गोळ्या मात्र माझ्याकडून घेतल्या.

१४ मार्च

दोन पानं फाडली, हे तिसरं.

दगडी पायऱ्यांचं उघडं गोल नाट्यगृह. मी गेलो, न बोलता. टोपीवाले शेजारी येऊन बसले. माझा चेहरा बघून समजूत घालायला लागले, "मनावर घेऊ नका हो. पूल चुकला म्हणून वहिनी नाराज असतील. कबरींपाशी केवढ्या हौसेने फिरल्या होत्या! छताकडे बघून म्हणाल्यासुद्धा —"

टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हणजे... फिरल्या असत्या, असं म्हणायचं होतं." आणि उठून निघून गेले.

म्हणजे ही उतरते! माझी पाठ फिरली की उतरते! ओल्या चपला. गार हात. पिवळा रंग. ड्रायव्हरचं हसू. सगळ्या बसला माहीत. एक मी सोडून.

गुडघे दुखत नाहीत हिचे. माझ्याबरोबर बघायचं नाही हिला, एवढंच. बरोबरच आहे. किरकिऱ्या माणूस, पावलोपावली विचारणार — पाकीट आहे का, बस निघाली तर नाही ना. जन्मभर सहन केलं. आता थोडे दिवस उरले, ते तरी माझ्यावाचून. परवा मी बसमध्येच बसून राहिलो, म्हणून तिला उतरता आलं नाही, तिचा पूल बुडाला.

परत गेलो तेव्हा विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हटलं, "दगड."

हिचा नवरा म्हणून मिरवलो इतकी वर्षं. हिला नकोच होतो, हे इतक्या लांब येऊन कळायचं होतं.

१५ मार्च

दिवसभर प्रवास. खिडकीबाहेर सपाट माळ, संपतच नाही. ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी हललो नाही. नको असलेल्या माणसाच्या खांद्यावर कोणी इतकं गाढ झोपतं का? कळत नाही. काहीच कळत नाही.

१६ मार्च

जुनं ग्रंथालय, उंच दालन, पुस्तकं छतापर्यंत. आत गेलो आणि पहिल्याच खांबामागे थांबलो. थोड्या वेळाने ही आली. ड्रायव्हरचा हात धरून, काठी टेकत, एकेक पाऊल. दोन पावलं टाकली की थांबून पोट धरायची. छताकडे नाही, कपाटांकडे नाही. आधी चारी बाजूंनी मला शोधलं. गर्दीत मी दिसलो नाही, तेव्हा कुठे मान वर केली.

छत्रीवाली माझ्यामागे उभी होती. हळूच म्हणाली, "आजोबा, ओरडू नका हो त्यांना. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या — मी बरोबर असले तर ते माझ्याच मागे चालतील. एकट्याने जाऊन एकट्याने परत यायची सवय मी असेपर्यंत होऊ दे."

मी आतल्या दालनात निघून गेलो. सगळं बघितलं, सावकाश. तिचं बघून होईपर्यंत परतलो नाही. मग बसमध्ये येऊन तिला सांगितलं — शिडी चाकांवर सरकते, जुन्या पुस्तकांना साखळी आणि साखळीला कुलूप, कुलूप एकदम साधं, मी केसाच्या पिनेने उघडलं असतं. तिने सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. धाप लपवत म्हणाली, "आणखी?"

उद्या वेधशाळा आहे. लवकर उतरेन, उशिरा येईन.